पुरवठ्याचं जाळं आणि मालाची ने-आण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदामाचा करार करण्याआधी, नवा वाहतूकदार नेमण्याआधी किंवा साठा वाढवायला मंजुरी देण्याआधी हे प्रश्न विचारले गेले तर पुष्कळ त्रास वाचतो, म्हणून ते एका ठिकाणी लिहून काढले आहेत. उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. अंतराचं भाडं ठरतं आणि ते बिलात दिसतं. अनिश्चिततेचं बिल कुणी पाठवत नाही. ते जादा साठा, खोळंबलेल्या गाड्या आणि तातडीच्या फेऱ्यांच्या रूपानं भरावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी तेच जास्त असतं.

जाळं आखणं आणि लॉजिस्टिक्सचा समन्वय या वेगळ्या गोष्टी आहेत का?

काळाच्या हिशेबानं वेगळ्या आहेत. कारखाने कुठे, गोदामं किती, कोणतं गोदाम कोणत्या भागाला माल देणार, हे निर्णय काही वर्षांसाठी घेतले जातात. समन्वय रोजचा असतो: आज कोणत्या गाडीत काय भरायचं, उशीर होणार असेल तर कुणाला कळवायचं, तुटवडा असेल तर आधी कुणाला द्यायचं.

पण रोजच्या भांडणांचं मूळ बहुधा आखणीत सापडतं. एखाद्या गोदामातून रोज संध्याकाळी अर्ध्या रिकाम्या गाड्या सुटत असतील तर डिस्पॅचच्या, म्हणजे माल रवाना करणाऱ्या, माणसाला बोल लावून उपयोग नाही. गोदामाच्या वाट्याला दिलेला प्रदेशच एक गाडी भरण्याइतका नसतो. म्हणून आखणीच्या बैठकीत गाड्या लावणारी आणि माल उतरवून घेणारी माणसं पहिल्या दिवसापासून हवीत. नकाशावर न दिसणाऱ्या अडचणी त्यांना पाठ असतात.

सुरुवात कुठून करायची?

किमान एका वर्षाच्या डिस्पॅचच्या नोंदींपासून. महिन्याच्या बेरजा पुरत नाहीत, प्रत्येक ऑर्डरची ओळन्‌ओळ हवी: कोणता माल, किती नग, किती वजन, किती घनमीटर, कुठून निघाला, कुठे उतरला, कधी मागवला, कधीचा वायदा होता आणि प्रत्यक्षात कधी पोचला.

दोन चुका हमखास होतात. पहिली पत्त्याची. बिल मुख्य कार्यालयाच्या नावे निघतं आणि माल उतरतो तिसरीकडेच. बिलावरचे पत्ते उचलले तर सगळी मागणी कार्यालयांच्या इमारतींभोवती गोळा झालेली दिसते आणि गोदामाची जागा साफ चुकते. दुसरी चूक म्हणजे जेवढा माल गेला तेवढीच मागणी होती असं धरणं. साठा संपला होता त्या दिवसांत विक्री शून्य दिसते. मागणी मात्र दारात येऊन परत गेलेली असते. असे दिवस शोधून वेगळे काढावे लागतात.

त्यानंतर गट पाडा. हजारो पत्ते जसेच्या तसे मॉडेलमध्ये, म्हणजे संगणकावर मांडलेल्या जाळ्याच्या गणितात, घालायची गरज नसते, जवळजवळचे पत्ते एकत्र करून शे-दोनशे ठिकाणं पुरतात. मालाचे गट पाडताना विक्री विभागाची वर्गवारी बाजूला ठेवा आणि वाहतुकीत माल कसा वागतो ते पाहा: जड, फुगीर, नाजूक, थंड ठेवावा लागणारा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रकल्पाचा मोठा वेळ खातं. तरीही ते अनुभवी माणसाकडेच द्या. पुढची सगळी गणितं याच पायावर उभी राहतात.

गोदामं किती असावीत?

गोदामं वाढवली की ग्राहकापर्यंतचा शेवटचा टप्पा आखूड होतो आणि त्याचं भाडं घटतं. त्याच वेळी गोदामांचं भाडं, तिथली माणसं आणि एकूण साठा वाढतो. शिवाय कारखान्यातून प्रत्येक गोदामाला जाणारा माल विभागला जातो, त्यामुळे तिकडच्या गाड्या पूर्ण भरेनाशा होतात. या सगळ्यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, तो आकडा शोधायचा असतो.

साठ्याच्या बाबतीत वर्गमूळाचा नियम उपयोगी पडतो. सारखी मागणी असलेल्या चार गोदामांचा माल एका ठिकाणी आणला तर लागणारा राखीव साठा, म्हणजे चढउतार झेलण्यासाठी ठेवलेला जादा माल, साधारण निम्मा होतो. नऊ गोदामांचं एक केलं तर एक तृतीयांश. कारण सरळ आहे. एका भागात मागणी अचानक वाढते तेव्हा दुसऱ्या भागात ती घटलेली असू शकते आणि एकत्र साठ्यात हे चढउतार आपसांत जिरतात.

मात्र या नियमाच्या अटी विसरून तो वापरला जातो, आणि मला याची फार काळजी वाटते. सगळ्या भागांतली मागणी एकमेकींपासून स्वतंत्र असेल तरच तो लागू पडतो. हंगाम सुरू होताच सगळीकडे एकदम मागणी चढत असेल तर एकत्र करून काहीच जिरत नाही. नियम राखीव साठ्याचा आहे, एकूण साठ्याचा नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून सगळ्या मालाला एकच उत्तर शोधू नये. रोज भरपूर आणि एका चालीनं खपणारा माल ग्राहकाजवळच्या अनेक गोदामांत ठेवावा. क्वचित आणि लहरी खपाचा माल एका मध्यवर्ती ठिकाणी ठेवून तिथून थेट पाठवावा. भाडं जास्त पडलं तरी साठ्यात ते भरून निघतं. मालाची अशी विभागणी केल्यावर ‘गोदामं किती’ हा वाद पुष्कळसा निवळतो.

नकाशावर मागणीचा गुरुत्वमध्य काढून तिथे गोदाम घ्यावं का?

गुरुत्वमध्य म्हणजे प्रत्येक ठिकाणाच्या मागणीचं वजन धरून काढलेला सरासरी बिंदू. पहिला अंदाज म्हणून चालेल, निर्णय म्हणून नाही. एक साधं उदाहरण घ्या. सरळ रस्त्यावर १६० किलोमीटर अंतरावर दोन ग्राहक आहेत; एकाला १०० टन माल लागतो, दुसऱ्याला ६० टन. गुरुत्वमध्य मोठ्या ग्राहकापासून ६० किलोमीटरवर येतो. तिथे गोदाम घेतलं तर १०० गुणिले ६० अधिक ६० गुणिले १००, म्हणजे १२,००० टन-किलोमीटर वाहतूक होते. तेच गोदाम मोठ्या ग्राहकाच्या शेजारी घेतलं तर ६० गुणिले १६०, म्हणजे फक्त ९,६००.

गुरुत्वमध्यामुळे अंतरांच्या वर्गांची बेरीज किमान होते, आपल्याला हवी असते अंतरांची. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी कारखान्याच्या जागेचा हा प्रश्न १९०९ साली मांडला आणि योग्य बिंदू टप्प्याटप्प्यानं शोधण्याची रीत एंद्रे वाइझफेल्ड यांनी १९३७ साली दिली. आज ती साध्या स्प्रेडशीटमध्ये बसवता येते.

तो बिंदूही डोंगरात किंवा तळ्यात पडू शकतो. प्रत्यक्ष निवड नेहमी मिळू शकणाऱ्या जागांच्या यादीतून होते: रस्ता कसा आहे, कामाला माणसं मिळतात का, मोठ्या गाडीला वळायला अंगण आहे का, पुढे वाढायला वाव आहे का.

संगणकानं दिलेलं ‘सर्वोत्तम’ उत्तर जसंच्या तसं घ्यायचं का?

संगणक लागतो यात शंका नाही. ४० संभाव्य जागांपैकी कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, याचे एक लाख कोटींहून अधिक पर्याय होतात. पूर्णांकी गणिती मॉडेल, म्हणजे जागा घेतली की १ आणि सोडली की ० असं धरणारं गणित, ते सगळे न तपासता चांगल्या उत्तरापर्यंत पोचतं. १९७४ साली जेफ्रियन आणि ग्रेव्हज यांनी एका मोठ्या कंपनीच्या वितरण केंद्रांची मांडणी अशा मॉडेलनं करून दाखवली, तेव्हापासून ही रीत व्यवहारात रुळली आहे.

पण खर्चाची वक्ररेषा तळाशी बहुधा सपाट असते. सर्वांत स्वस्त मांडणी आणि तिच्यानंतरच्या दहा मांडण्या यांच्यात अगदी थोडा फरक निघतो, आणि तेवढी चूक तुमच्या भाड्याच्या अंदाजातच असते. मी मॉडेलकडून नेहमी एकाऐवजी दहा-पंधरा चांगली उत्तरं मागतो. त्या सगळ्यांत जी गोदामं पुन्हा पुन्हा येतात ती निर्धास्त घ्यावीत. एखाद्याच उत्तरात डोकावणारं गोदाम शंकेनं पाहावं. मग इंधन महाग झालं, एका भागाची मागणी पाव हिश्शानं घटली, एक रस्ता महिनाभर बंद राहिला, असं करून पाहायचं. जी मांडणी या धक्क्यांतही फारशी कोलमडत नाही ती घ्यायची, मग ती कागदावर थोडी महाग का असेना.

ऑर्डरच्या आकाराबाबतही हाच दिलासा आहे. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली दिलेल्या सूत्रातून येणारा किफायतशीर आकार सोडून दीडपट माल मागवला तरी ऑर्डर आणि साठवणुकीचा एकत्रित खर्च जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून गाडी पूर्ण भरावी यासाठी आकडा थोडा वरखाली करायला घाबरू नका.

राखीव साठा किती ठेवायचा?

या प्रश्नावर सगळ्यांत जास्त वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण अनिश्चिततेची किंमत इथे आकड्यांत दिसते.

समजा रोज सरासरी १०० नग खपतात आणि रोजच्या खपाचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून तो साधारण किती वरखाली होतो त्याचं माप, २० आहे. माल मागवल्यापासून यायला सरासरी ९ दिवस लागतात, पण हे दिवसही पुढेमागे होतात आणि त्यांचं प्रमाण विचलन २ दिवस आहे. दर खेपेला माल संपू न देण्याची खात्री ९५ टक्के हवी असेल तर विचलनाला गुणायचा आकडा, म्हणजे गुणक, १.६५ धरतात. खपाचा चढउतार आणि पुरवठ्याचा चढउतार एकत्र करून राखीव साठा येतो सुमारे ३४५ नग.

आता साठा कमी करायचा आहे. पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: पुरवठा जलद करा. खूप खटपट करून ९ दिवसांचे ४ दिवस केले, पण पुढेमागे होण्याची सवय तशीच राहिली, तर राखीव साठा होतो सुमारे ३३७. इतक्या धावपळीनंतर आठेक नगांची बचत! दुसरा उपाय पाहा. दिवस ९ च ठेवले, पण वायदा पाळायला लावून विचलन २ वरून १ दिवसावर आणलं, तर साठा १९२ वर येतो. आणि माल अगदी ठरल्या दिवशीच येऊ लागला तर ९९ नग पुरतात.

जलद वाहतुकीनं वाटेवरचा माल नक्कीच कमी होतो. रोज १०० नग आणि ९ दिवसांची वाट म्हणजे कायम ९०० नग रस्त्यावर. ४ दिवस केले तर ४००. तो फायदा खरा आहे. पण गोदामातला राखीव साठा बहुतांशी वायद्याच्या बेभरवशामुळे साचलेला असतो. म्हणून वाहतूकदाराशी बोलताना ‘किती दिवसांत पोचवाल’ याबरोबर ‘दहापैकी किती वेळा त्याच दिवशी पोचवाल’ हेही विचारा आणि करारात लिहा.

खात्रीचा आकडाही उगाच फुगवू नका. ९५ टक्क्यांना गुणक १.६५, ९९ टक्क्यांना २.३३ आणि ९९.९ टक्क्यांना ३.०९ लागतो. शेवटच्या टक्क्यासाठी साठा झपाट्यानं वाढत जातो.

आमचा प्रत्येक माल ९५ टक्के वेळा उपलब्ध असतो, तरी ग्राहक नाराज का?

ग्राहक एकच वस्तू मागवत नाही म्हणून. ऑर्डरमध्ये दहा वस्तू असतील आणि प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे ९५ टक्के वेळा मिळत असेल, तर दहाही वस्तू एकदम मिळण्याची शक्यता फक्त ६० टक्के. ग्राहकाच्या बाजूनं पाहिलं तर दर पाच ऑर्डरींपैकी दोन अपुऱ्या येतात. मोजायचं असेल तर ‘पूर्ण आणि वेळेवर पोचलेल्या ऑर्डरी’ मोजा, तेही त्यानं मागितलेल्या तारखेशी ताडून. आपण नंतर बदलून दिलेल्या तारखेशी ताडलेला आकडा गोड दिसतो, पण काही शिकवत नाही.

दुकानातला खप स्थिर आहे, मग कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी इतक्या उसळतात का?

याला चाबकाचा परिणाम म्हणतात: मूठ थोडी हलते आणि टोक जोरात फटकारतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे जे फॉरेस्टर यांनी १९५८ साली हे दाखवलं की साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर ऑर्डरींचे चढउतार वाढत जातात, आणि कुणी मूर्खपणा न करताही वाढतात. प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला लहान मुलांच्या डायपरमध्ये हे ठळक दिसलं. बाळांची संख्या महिन्या-महिन्याला उड्या मारत नाही, तरी पुरवठादारांकडे जाणाऱ्या ऑर्डरी उड्या मारत होत्या.

१९९७ साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हँग यांनी याची चार कारणं मांडली. प्रत्येक टप्पा समोरच्या ऑर्डरीवरून स्वतःचा अंदाज बांधतो आणि वर थोडी भर घालतो. ऑर्डरी साठवून एकदम दिल्या जातात. सवलतीच्या काळात गरजेपेक्षा जास्त उचल होते. आणि तुटवड्याची कुणकुण लागली की प्रत्येकजण हवं त्याच्या दुप्पट मागतो, कारण वाटणी मागणीच्या प्रमाणात होणार हे त्याला ठाऊक असतं.

उपायही याच कारणांतून निघतात. शेवटच्या ग्राहकाचा रोजचा खप साखळीतल्या सगळ्यांना दाखवा, म्हणजे अंदाजावर अंदाज चढत नाहीत. अनेक माल एकाच गाडीत बसवून लहान ऑर्डरी वारंवार द्या. महिनाअखेरच्या सवलती बंद करून वर्षभर एकच दर ठेवता आला तर उत्तम. विक्री विभाग याला विरोध करतो, पण महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत निम्मा माल ढकलायचा आणि पहिल्या आठवड्यात गाड्या रिकाम्या उभ्या ठेवायच्या, याचा खर्च एकदा त्यांच्यासमोर मांडून पाहा. तुटवड्यात वाटणी करताना आताची मागणी न पाहता मागचा प्रत्यक्ष खप पाहा. एवढं एक केलं तरी फुगवलेल्या ऑर्डरी घटतात.

एकाच वस्तूचे अनेक प्रकार आहेत आणि नेमका हवा तोच संपतो. काय करावं?

वेगळेपणा जितका उशिरा देता येईल तितका उशिरा द्या. ह्यूलेट-पॅकार्डनं डेस्कजेट प्रिंटरच्या बाबतीत हेच केलं. प्रत्येक देशाचा वीजजोड आणि माहितीपुस्तिका कारखान्यातच बसवण्याऐवजी सामाईक प्रिंटर वितरण केंद्रापर्यंत नेला आणि ऑर्डर आल्यावर तिथे जोडणी केली. एकूण मागणीचा अंदाज प्रत्येक प्रकाराच्या अंदाजापेक्षा बहुधा जास्त बरोबर येतो, त्याचा हा फायदा आहे.

पूर्ण गाडी, पार्टलोड, मिल्क रन, हब, क्रॉस-डॉक: काय निवडायचं?

माल आणि वारंवारता पाहून. एका ठिकाणासाठी गाडी भरत असेल तर थेट पाठवा. त्याहून स्वस्त काही नाही. भरत नसेल तर पार्टलोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत गाडीतली थोडी जागा. भरत नसेल, पण चार पुरवठादार एकाच पट्ट्यात असतील, तर एकच गाडी ठरल्या वेळी फिरवून सगळ्यांचा माल गोळा करा. हाच मिल्क रन. त्याचा जीव वेळापत्रकात असतो: एका ठिकाणी तासभर खोळंबा झाला की पुढची सगळी ठिकाणं घसरतात.

ठिकाणं पुष्कळ आणि पार्सलं लहान असतील तर हब, म्हणजे सगळा माल आधी आणून तिथून वाटायचं मधलं केंद्र. २० ठिकाणं एकमेकांना थेट जोडायची तर १९० मार्ग लागतात. मधे एक हब घेतलं तर २०. फेडेक्सनं १९७३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचा हब धरून पहिल्या रात्री १४ विमानांतून १८६ पार्सलं २५ शहरांना पोचवली, ती याच तत्त्वावर. हबची उणीव अशी की एका ठिकाणचा गोंधळ सगळीकडे पोचतो.

क्रॉस-डॉकमध्ये आलेला माल न साठवता, वेगळा करून लगेच निघणाऱ्या गाडीत चढवतात. येणाऱ्या गाडीत काय आहे हे ती येण्याआधी कळलं तरच हे जमतं. ती माहिती नसेल तर क्रॉस-डॉकचं नाव देऊन आपण फक्त एक गच्च, अव्यवस्थित गोदाम चालवतो.

फेऱ्या आखण्याचं गणित जुनं आहे. डँट्झिग आणि रॅमसर यांनी १९५९ साली पेट्रोल वाटणाऱ्या टँकरांसाठी ते मांडलं. क्लार्क आणि राइट यांची १९६४ ची बचतीची रीत आजही सुरुवातीला वापरता येते. दोन वेगळ्या फेऱ्या जोडल्यानं किती अंतर वाचतं ते पाहायचं आणि जास्त बचतीच्या जोड्या आधी जोडायच्या. यात परतीच्या फेऱ्याचा विचार जरूर करा. रिकाम्या परतणाऱ्या गाडीचा खर्च जाणाऱ्या मालावरच पडतो.

गोदामाच्या दारात गाड्या तासन्‌तास उभ्या का राहतात? धक्के (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागा) तर पुरेसे आहेत.

सरासरीला पुरेसे आहेत. पण गाड्या ठरल्या अंतरानं येत नाहीत आणि प्रत्येकीला सारखा वेळ लागत नाही. रांगेच्या साध्या गणितानुसार, एका धक्क्यावर गाड्या वाटेल तशा येत असतील आणि धक्का ८० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी थांबा एका गाडीला लागणाऱ्या वेळेच्या चौपट होतो. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. धक्का सतत व्यस्त दिसला की व्यवस्थापकाला समाधान वाटतं, आणि बाहेर चालक दिवस घालवत असतो. त्या चालकाला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह मिळतं का, हेही जाळ्याच्या आखणीतच येतं असं मी मानतो.

उपाय: गाड्यांना वेळेची पाळी द्या आणि ती दोन्ही बाजूंनी पाळा; सकाळचा लोंढा दिवसभर पसरवा; माल पॅलेटवर (माल रचायच्या चौकटीवर) मागवा, म्हणजे उतरवायला लागणारा वेळ सारखा येतो. आणखी धक्का बांधणं हा शेवटचा उपाय.

आंतरराष्ट्रीय खरेदीत सीआयएफ (किंमत, विमा आणि भाडं धरून केलेली विक्री) घेतलं की वाटेतला धोका विक्रेत्याचा, बरोबर ना?

नाही. हा गैरसमज महागात पडतो. सीआयएफमध्ये विक्रेता पोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, पण माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की धोका खरेदीदाराकडे जातो. इन्कोटर्म्स या आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या अटींच्या नियमावलीच्या २०२० च्या आवृत्तीत असे ११ नियम आहेत. मालकी केव्हा बदलते हे त्यात ठरत नाही. ते विक्रीच्या करारात वेगळं लिहावं लागतं.

हलक्या मालाचं भाडं इतकं का लागतं?

कारण तो जागा खातो. हवाई मालवाहतुकीत एक घनमीटरला साधारण १६७ किलो धरून आकार आणि खरं वजन यांतलं मोठं घेतात. खोक्यातली मोकळी हवा कमी करा. पॅकिंगवाल्याला लॉजिस्टिक्सच्या बैठकीत बोलवा.

एकच पुरवठादार ठेवावा की दोन?

१७ मार्च २००० रोजी अमेरिकेत अल्बुकर्कीला फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. आग थोड्याच वेळात विझली, पण धूर आणि पाण्यानं चिप बनवण्याच्या धूळमुक्त खोल्या दूषित झाल्या. त्या कारखान्यावर नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या अवलंबून होत्या. नोकियानं लगेच पाठपुरावा करून दुसरीकडची उत्पादनक्षमता आपल्यासाठी राखून घेतली. एरिक्सनकडे त्या भागांसाठी दुसरा स्रोत नव्हता आणि धोका किती मोठा आहे हे वरपर्यंत पोचायलाही उशीर झाला. २००१ मध्ये त्यांचा हँडसेटचा व्यवसाय सोनीसोबतच्या भागीदारीत गेला.

यावरून सगळ्या भागांना दोन पुरवठादार हवेत असं मी म्हणणार नाही. तेवढं परवडत नाही. भागाची किंमत विसरा आणि प्रत्येक भागासाठी दोन आकडे काढा: हा स्रोत बंद पडला तर आपण किती दिवस तग धरू, आणि तो पुन्हा सुरू व्हायला किंवा पर्याय उभा राहायला किती दिवस लागतील. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा लहान असेल तिथे धोका आहे. हे भाग पुष्कळदा अगदी स्वस्त असतात, एखादं सील किंवा एखादी लहान चिप. स्वस्त भागाचा मोठा साठा ठेवणं सोपं आहे. महागड्याला दुसरा स्रोत शोधावा. आणि दोन पुरवठादार एकाच तिसऱ्याकडून कच्चा माल घेत नाहीत ना, हे विचारायला विसरू नका.

मार्गांनाही हेच लागू. २३ मार्च २०२१ रोजी ४०० मीटर लांबीचं ‘एव्हर गिव्हन’ जहाज सुवेझ कालव्यात आडवं अडकलं आणि २९ मार्चला निघालं, तोवर साडेतीनशेहून अधिक जहाजं खोळंबली. मोकळं झाल्यावर ती सगळी जवळजवळ एकदम बंदरांत येऊन थडकली आणि तिथे नवी रांग लागली. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाट लांबली, पण एकदा वळसाच धरायचा असं ठरल्यावर नियोजन तरी करता आलं. ‘आज उघडेल, उद्या उघडेल’ अशा वाटेपेक्षा लांबची ठरलेली वाट पुष्कळदा सोसवते.

प्रत्येक गाडीचा थेट ठावठिकाणा दिसला की समन्वयाचे प्रश्न सुटतात का?

ठिपका दिसल्यानं काही सुटत नाही. गाडी सहा तास उशिरा आहे हे कळल्यावर कोण, किती वेळात, काय करणार हे लिहून ठेवलेलं असलं तर त्या माहितीचा उपयोग. त्यामुळे आधी पाच-सहा नेहमीचे बिघाड घ्या आणि प्रत्येकाला एक जबाबदार माणूस आणि एक ठरलेली कृती लावा. यंत्रणा नंतर घ्या.

त्याआधी ओळख एकसारखी करा. पुरवठादार, वाहतूकदार आणि गोदाम एकाच पॅलेटला तीन क्रमांक देत असतील तर कुठलीच यंत्रणा चालणार नाही. यासाठी जीएस-१ या बारकोडची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा १८ अंकी क्रमांक उपलब्ध आहे. तो पॅलेटवर एकदा लागला की शेवटपर्यंत तोच वाचला जातो.

खरेदी, उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांचं जमतच नाही. कुणाचं ऐकायचं?

प्रत्येकाला बक्षीस कशाचं मिळतं ते पाहा. खरेदीला प्रति नग दर कमी केल्याचं, म्हणून ती सहा महिन्यांचा माल एकदम आणते. उत्पादनाला यंत्र थांबू न दिल्याचं, म्हणून ते एकच माल सलग खूप वेळ बनवत राहतं. वाहतुकीला प्रति टन खर्च कमी केल्याचं, म्हणून ती गाडी भरेपर्यंत थांबते. तिघांचंही काम चोख, आणि ग्राहकाचा माल दारात नाही. माणसं वाईट नसतात; मोजमापं एकमेकांना छेद देतात.

महिन्यातून एकदा या सगळ्यांनी बसून पुढच्या काही महिन्यांचा एकच आकडा ठरवावा: किती विकणार, किती बनवणार, किती साठवणार. ज्याच्या सहीनं तो पक्का होईल असा वरिष्ठ तिथे हवा, नाहीतर बैठकीनंतर प्रत्येकजण आपापल्या आकड्याकडे परततो. चौघांनाही एक सामाईक मोजमाप द्या. पूर्ण आणि वेळेवर पोचलेल्या ऑर्डरी आणि त्यासाठी झालेला एकूण खर्च, हे माझ्या मते पुरेसं आहे.

परत येणाऱ्या मालाचं काय?

त्याला वेगळी जागा, वेगळा माणूस आणि निर्णयाची मुदत द्या. विकण्याजोगा, दुरुस्तीचा की मोडीत, हे पहिल्या काही दिवसांत ठरलं नाही तर तो माल कोपऱ्यात पडून जुना होतो.

कार्बन उत्सर्जन कसं धरायचं?

आयएसओ १४०८३ हे २०२३ चं मानक वाहतूक साखळीच्या उत्सर्जनाची मोजणी सांगतं, त्यात रिकामे फेरेही येतात. सर्वांत सोपी बचत म्हणजे गाड्या नीट भरणं आणि तातडीच्या फेऱ्या टाळणं. विमानानं पाठवलेला तातडीचा माल जहाजाच्या कित्येक पट उत्सर्जन करतो, आणि तो तातडीचा बहुधा कुणीतरी वायदा चुकवल्यामुळे झालेला असतो.

जाळं पुन्हा केव्हा तपासायचं?

मॉडेल वर्षातून एकदा ताज्या नोंदींवर चालवा, काही बदलायचं नसलं तरी. मोठा ग्राहक आला किंवा गेला, नवा कारखाना सुरू झाला, एखाद्या मार्गाचं भाडं बराच काळ बदललेलं राहिलं, तर वर्षाची वाट पाहू नका. गोदामाचा करार संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं असतानाच तपासणी सुरू करा. पर्यायी जागा शोधणं, रॅक बसवणं, माणसं शिकवणं आणि काही आठवडे दोन्ही गोदामं एकत्र चालवून साठा हळूहळू हलवणं, याला तेवढा वेळ लागतोच. आणि हलवाहलवीसाठी मागणी सर्वांत थंड असते तो महिना निवडा.